घरच्या वाफ्यातला लसूण: पाकळी खोचण्यापासून जुडी टांगण्यापर्यंत

पहिल्या वर्षी मी लावलेला लसूण दिसायला राजबिंडा होता. मंडईतून आणलेला, एकेक पाकळी अंगठ्याच्या पेराएवढी, सोलायला सोपी. विकणारा म्हणाला, "हिमाचलचा माल आहे." मोठी पाकळी लावली की मोठा गड्डा येणार, यात विचार कसला करायचा, असं वाटून नोव्हेंबरात दोनशे पाकळ्या खोचल्या. जानेवारीत पात अशी फोफावली की शेजारच्या काकू चटणीसाठी मागून न्यायच्या. होळी आली आणि गेली. गावातल्या शेतांतला लसूण पिवळा पडून निघाला, माझा आपला हिरवागार. एप्रिलच्या उन्हात शेंडे करपायला लागले तेव्हा एक रोप उपटून पाहिलं. खाली पातीच्या कांद्याला असतो तसा जाडसर बुडखा. आत एकही पाकळी सुटलेली नाही. सगळा वाफा उपटला, सगळीकडे तेच.

खतपाणी वेळेवर झालं होतं. जात चुकली होती. म्हणून या लेखात जातीवर जरा जास्त वेळ घालवतो. बाकीची कामं कुणालाही जमण्यासारखी आहेत.

आधी जात

गड्डा कधी धरायचा हे लसूण दोन गोष्टींवरून ठरवतो: अंगाला थंडी किती लागली आणि त्यानंतर दिवस किती लांबला. डोंगराळ भागातल्या जातींना भरपूर थंडी लागते, वर दिवसही बराच मोठा लागतो. शिमल्याकडे जूनमध्ये दिवस चौदा तासांच्या घरात जातो, आणि तिथला लसूण मे-जूनमध्ये निघतो. आमच्या साताऱ्याकडे वर्षातला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांच्या जेमतेम पुढे, तोही जूनमध्ये, पाऊस दारात उभा असताना. तोवर डोंगरी लसूण उन्हाने आडवा झालेला असतो. मैदानी जातींना मात्र फेब्रुवारीतला साडेअकरा-पावणेबारा तासांचा दिवस पुरतो. म्हणून मोठ्या पाकळीचा डोंगरी लसूण खायला खुशाल आणा, लावायला नको. 'एग्रीफाउंड पार्वती' ही अशीच डोंगराळ भागासाठीची जात. गड्ड्यात दहा-सोळाच पाकळ्या आणि त्याही टपोऱ्या, त्यामुळे मोह होतो. महाराष्ट्रात तो आवरायचा.

आपल्याकडे घरी लावण्यासारख्या जाती अशा:

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'गोदावरी', 'श्वेता' आणि 'फुले बसवंत'. श्वेता नावाप्रमाणे पांढरी, गोदावरी गुलाबीसर, बसवंत जांभळट. गोदावरी आणि श्वेताच्या गड्ड्यात साधारण पंचवीसच्या आसपास पाकळ्या निघतात.

राजगुरूनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या 'भीमा ओंकार' (पांढरी) आणि 'भीमा पर्पल' (जांभळ्या सालीची).

नाशिकच्या राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानच्या, म्हणजे लोक ज्याला एनएचआरडीएफ म्हणतात त्याच्या 'यमुना सफेद' मालिकेतल्या जाती आणि 'एग्रीफाउंड व्हाइट'. शेतकरी यांना आकड्यांनीच ओळखतात: जी-१, जी-४१, जी-५०, जी-२८२. जी-५० मध्ये ३५-४० बारीक पाकळ्या, जी-४१ मध्ये २०-२५, आणि जी-२८२ मध्ये पंधरा-सोळा, मैदानी लसणाच्या मानाने चांगल्या मोठ्या. सोलायचा कंटाळा असेल तर जी-२८२ घ्या.

आणि चौथा म्हणजे आपला गावरान लसूण. त्याला ठरलेलं नाव नसतं. आठवडी बाजारात पातीसकट जुडी बांधून येतो, साल लालसर, पाकळी करंगळीच्या नखाएवढी, सोलताना जीव जातो. पण खलबत्त्यात दोन पाकळ्या ठेचल्या की वास अंगणापर्यंत येतो. ठेच्याला आणि फोडणीला मला हाच लागतो. दोन जाती लावा: एक गावरान, एक सोलायला सोपी. वाफ्यात मधे काडी खोचून ठेवा, नाहीतर काढताना कुठली कुठे गेली ते कळत नाही.

लसणाला खरं बी जवळजवळ धरत नाहीच. पाकळी हेच बियाणं. म्हणजे तुमच्या हातात येणारं रोप हे आधीच्या रोपाचाच तुकडा, त्याचे गुण तसेच आणि रोगही तसेच. बियाणं विकत घेताना हे डोक्यात ठेवायचं.

दुसऱ्या वर्षी मी आठवडी बाजारात एका मावशींकडे गेलो. "मावशी, लावायला लसूण हवाय," म्हटल्यावर त्यांनी पुढ्यातला सुटा ढीग बाजूला सारला आणि मागून एक जुडी ओढली. "मंग ह्यातला घ्या दादा. सुटा कुठनं कुठनं येतो, जुडीचा आमच्याच रानातला हाय." एवढ्या एका वाक्याने माझं पुढचं वर्ष सावरलं. आपल्याच भागात पिकलेला, पातीसकट वाळवलेला, घट्ट गड्ड्याचा लसूण. संशोधन केंद्रातून किंवा कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून जात मिळाली तर उत्तमच, नाहीतर ही जुडी.

किती लावायचा?

ओळींत १५ सेंमी आणि दोन पाकळ्यांत १० सेंमी अंतर ठेवलं तर एका चौरस मीटरला साधारण ६५ पाकळ्या बसतात. माझा वाफा तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद आहे, त्यात दोनशे. सगळं नीट झालं तर वाळून तीनेक किलो लसूण मिळतो. त्यासाठी पंधराएक गड्डे फोडावे लागतात, कारण सगळ्याच पाकळ्या लावायच्या नसतात.

जागा नसेल तर भाजीची प्लास्टिकची क्रेट घ्या, आतून जुनं गोणपाट लावा, माती भरा. लसणाची मुळं उथळ असतात, वीतभर खोल माती पुरते. ऊन मात्र हवं, सहा तास तरी. उत्तरेकडच्या बाल्कनीत पात येईल, गड्डा येणार नाही.

माती

काळी चिकण माती लसणाला सोसत नाही. पाणी धरून ठेवते, वाळली की दगड होते, त्यात गड्डा वेडावाकडा होतो आणि काढताना फुटतो. माझी माती तशीच होती. मी जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफा केला आणि त्यात कुजलेलं शेणखत, थोडी पोयट्याची माती आणि नदीची बारीक वाळू मिसळली. चौरस मीटरला दोन-अडीच किलो शेणखत पुरे. पूर्ण कुजलेलंच हवं. ताज्या शेणाने हुमणी, म्हणजे मुळं कुरतडणारी पांढरी अळी, येते, आणि एकदा आली की ती फक्त लसूण खाऊन थांबत नाही.

क्रेटसाठी माती आणि कंपोस्ट निम्मं-निम्मं, वर ओंजळभर निंबोळी पेंड.

ज्या वाफ्यात गेल्या हंगामात कांदा होता तिथे लसूण लावू नका, दोघांचे रोग एकच. घेवडा, मूग, कोथिंबीर निघालेली जागा चांगली.

एक गोष्ट आधीच निपटा: लव्हाळा. त्याचे कोंब आणि लसणाचे कोंब पहिल्या पंधरा दिवसांत इतके सारखे दिसतात की मी एकदा शहाणपणाने लसूण उपटून लव्हाळ्याला पाणी घातलं आहे. वाफा भिजवून आठवडाभर तसाच सोडा, लव्हाळा उगवून येईल, मग खुरप्याने गाठींसकट काढा. त्यानंतर लावणी.

लावणी: दसरा ते दिवाळी

ऑक्टोबरचा पहिला आठवडा ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हा काळ. फार लवकर, पावसातच लावला तर पाकळ्या कुजतात. डिसेंबरात लावला तर थंडी कमी मिळते, रोप लहान असतानाच दिवस मोठा होतो आणि गड्डे सुपारीएवढे राहतात.

गड्डा फोडायचा तो लावणीच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी. आठवडाभर आधी फोडून ठेवलेल्या पाकळ्या बुडाकडून सुकतात. फोडताना साल काढायची नाही. बाहेरच्या टपोऱ्या पाकळ्या वेगळ्या काढा, त्या गड्ड्यासाठी. आतल्या बारीक, चपट्या पाकळ्या टाकू नका, त्यांचं काय करायचं ते पुढे सांगतो. मऊ पडलेली, डाग असलेली, निळसर बुरशी दिसणारी पाकळी सरळ बाजूला.

पाकळ्या ट्रायकोडर्माच्या (कुजवणाऱ्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) पाण्यात अर्धा तास भिजवून सावलीत निथळू द्या. लिटरला पाच ग्रॅम. कृषी सेवा केंद्रात पुडी मिळते.

आता खोचायचं. पाकळीला एक चपटं बूड असतं, जिथून ती गड्ड्याच्या चकतीला चिकटलेली होती, आणि दुसरीकडे टोक. बूड खाली, टोक वर. उलटी लागली तरी उगवते, पण कोंब खालून वळसा घालून वर येतो आणि मान वाकडी होते. तर्जनीने पहिल्या पेरापर्यंत भोक करा, पाकळी ठेवा, टोकावर बोटाच्या रुंदीएवढी माती येऊ द्या. बोटाने दाबून जमिनीत घुसवू नका. खालची माती घट्ट असेल तर मुळं फुटताना पाकळीच वर उचलली जाते. आठवड्याने वाफ्यावर एक फेरी मारा, उघड्या पडलेल्या पाकळ्या पुन्हा बसवा. आमच्याकडे हे काम साळुंक्या उलट्या बाजूने करतात, कोंब धरून ओढून काढतात आणि न खाता टाकून जातात.

लावल्या लावल्या झारीने पाणी, वरून उसाच्या पाचटाचा किंवा भाताच्या पेंढ्याचा पातळ थर. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात.

मुंबई-कोकणात हिवाळा नावापुरताच. तिथे बियाण्याचे गड्डे लावणीआधी तीन-चार आठवडे फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात कागदी पिशवीत ठेवले तर पाकळीला थंडीचा भास होतो आणि गड्डा सुटायला मदत होते. तरीही दमट हवेत देशावरच्यासारखा गड्डा येईल अशी आशा धरू नका. कोकणात लसूण लावायचा तो मुख्यतः पातीसाठी, असं माझं मत आहे.

पाणी आणि खत

दुसरं पाणी तीन-चार दिवसांनी, मग थंडीत दर आठ-दहा दिवसांनी. क्रेटला लवकर लागेल. बोट पेरभर आत घालून माती कोरडी लागली तरच घाला. पाणी सकाळी आणि बुडाशी. संध्याकाळी पातीवर शिंपडलेलं पाणी रात्रभर तसंच राहतं आणि करप्याला आमंत्रण देतं.

गड्डा धरायचा काळ, म्हणजे लावणीनंतर साधारण साठ ते शंभर दिवस, पाण्यात खंड नको. ताण पडून मग एकदम भरपूर पाणी मिळालं की गड्डे फुटतात.

खत एक महिन्याने आणि दोन महिन्यांनी, दोनदाच: मूठ-मूठ गांडूळखत ओळींच्या मधे. युरिया घालायचाच असेल तर पहिल्या दीड महिन्यात, चौरस मीटरला दहा ग्रॅमच्या वर नाही. नंतर घातलेल्या नत्राने पात माजते आणि जमिनीत असतानाच पाकळ्यांना नवे कोंब फुटतात. गड्डा वरून टपोरा, फोडला की आत बोळकं.

लसणाला गंधक लागतं. त्याचा तिखटपणा आणि वास ज्यातून येतो ते गंधकाचंच संयुग. अख्ख्या पाकळीला फारसा वास येत नाही, चिरली किंवा ठेचली की पेशी फुटतात, आतलं विकर (एन्झाइम) त्या संयुगाला भेटतं आणि मग तो झणका तयार होतो. घरच्या वाफ्यात शेणखत भरपूर असेल तर वेगळं गंधक घालायची गरज सहसा पडत नाही.

खुरपणी हलक्या हाताने, दोनदा. पुढे रोपं मोठी झाली की हातानेच तण उपटा. खुरपं खोल गेलं की मुळं तुटतात.

काय काय बिघडतं

डिसेंबर-जानेवारीत पातीवर चंदेरी ओरखडे दिसायला लागले, शेंडे मुरडले, तर ते फुलकिडे. पानांच्या बेचक्यात बघा, पिवळसर, तांदळाच्या कणीहून बारीक किडे पळताना दिसतील. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड, आठवड्याच्या अंतराने संध्याकाळी दोन-तीन फवारण्या. निळे चिकट सापळे यांच्यासाठी बरे पडतात.

ढगाळ हवा तीन-चार दिवस टिकली की जांभळा करपा येतो: पातीवर लांबट डाग, मधे जांभळट. डागाळलेली पानं कापून वाफ्याबाहेर न्या, पाणी कमी करा, रोपांमधे हवा खेळू द्या. कोवळी पानं उलगडतच नाहीत, एकमेकांत गुंतून पिळवटतात, असं दिसलं तर बहुधा कोळी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारी बारीक कीड. त्यावर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम.

शेंड्यांचा पेरभर भाग पिवळा पडला म्हणून घाबरू नका. जुन्या पानांचं ते होतच असतं.

बारीक पाकळ्या आणि पात

बाजूला ठेवलेल्या त्या बारीक पाकळ्या एका वेगळ्या कुंडीत दाटीने लावा, दोन पाकळ्यांत बोटभर अंतर. महिना-सव्वा महिन्यात पात वीतभर होते. जमिनीपासून दोन बोटं ठेवून कात्रीने कापा. पुन्हा फुटते. दोन-तीन कापण्या मिळतात, मग जोर ओसरतो. हिरव्या मिरच्या, पात आणि भाजलेले शेंगदाणे, जाडं मीठ घालून पाट्यावर रगडायचं. थंडीत बाजरीच्या भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

गड्ड्याच्या वाफ्यातली पात कापू नका. मोह होतो, पाहुणे आले की हात जातो. पण त्या पानांतूनच खालचा गड्डा भरतो, आणि प्रत्येक पानाचं बूड म्हणजे पुढे गड्ड्यावरची एकेक साल. पानं कमी तर साल पातळ, साल पातळ तर टिकाऊपणा नाही.

काढणी

लावणीनंतर १२० ते १३५ दिवस, म्हणजे दिवाळीच्या आधी लावलेला होळीच्या आसपास. पण कॅलेंडरपेक्षा पातीवर विश्वास ठेवा. खालची तीन-चार पानं वाळून खडखडीत, वरची अजून हिरवट, मान मऊ पडून काही रोपं आडवी: हीच वेळ. शंका असेल तर एक गड्डा उकरून मधोमध आडवा कापा. पाकळ्या भरून सालीला टेकलेल्या दिसल्या की झालं. कडेला पोकळी असेल तर आणखी आठवडा.

सगळी पात वाळेपर्यंत थांबलात तर बाहेरची साल जमिनीतच कुजते, पाकळ्या फाकतात आणि उपटताना हातात मोकळी पात येते. ती चूक मी तिसऱ्या वर्षी केली. आणखी चार दिवस, आणखी चार दिवस करता करता मार्चमधला अवकाळी कोसळला.

पाणी काढणीच्या दोन-अडीच आठवडे आधी बंद. काढायच्या दिवशी खुरपं गड्ड्यापासून चार बोटं लांब घालून माती उचला, मगच रोप धरा. नुसतं ओढलं की मान तुटते. माती झटकायची ती हाताने, दोन गड्डे एकमेकांवर आपटून नाही. मुका मार लागलेली पाकळी महिन्याभराने तपकिरी होते. धुवायचं तर अजिबातच नाही.

वाळवण आणि जुडी

दोन दिवस वाफ्यातच आडवे पसरा, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या गड्ड्यांवर येईल असे. गड्ड्यावर थेट ऊन नको, पातीला चालतं. मग सावलीत, हवेशीर जागी दहा-बारा दिवस. पातीतला रस हळूहळू गड्ड्यात उतरतो, म्हणून पात कापायची घाई करू नका.

मान बोटाने दाबून कडक लागली, वरची साल कागदासारखी वाजली की जुडी बांधा. बारा-पंधरा गड्डे, पात ओलसर फडक्याने पुसून जराशी लवचीक करायची आणि तीन पेडी वेणी घालत जायची, दर पेडाला एकेक गड्डा घेत. वेणी जमत नसेल तर सुतळीने माना एकत्र आवळल्या तरी चालतं. स्वयंपाकघरात चुलीच्या वाफेपासून दूर, किंवा जिन्याखाली वारा लागेल तिथे टांगा. देशावर असा लसूण गणपतीपर्यंत सहज जातो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हात फिरवा, पोकळ किंवा मऊ लागलेला गड्डा काढून टाका. फ्रिजमध्ये अख्खे गड्डे ठेवले की बाहेर काढल्यावर भराभर कोंब येतात, तिथे फक्त सोललेल्या पाकळ्या आणि त्याही थोड्या.

खायला काढायच्या आधी बियाण्याची जुडी वेगळी करा. सर्वांत घट्ट, गोल, निरोगी रोपाचे गड्डे, वाकडीतिकडी पानं असलेल्या रोपाचा एकही नाही. माझ्या दोनशेच्या वाफ्याला पंधरा-वीस गड्डे पुरतात, त्या जुडीला मी लाल सुतळी बांधतो म्हणजे घरात कुणी हात लावत नाही.

काढताना दर वर्षी पाच-सात गड्डे असे निघतात की त्यांना पाकळ्याच नसतात, कांद्यासारखी एकच गोल गाठ. बाजारात हा एक पाकळीचा लसूण औषधी म्हणून चढ्या भावाने विकतात. ती काही वेगळी जात नसते. बारीक पाकळी लावली, उशीर झाला किंवा थंडी कमी पडली की गड्डा सुटायचा राहून जातो, इतकंच. मी त्या खात नाही. लाल सुतळीच्या जुडीशेजारी एका वाटीत ठेवतो आणि ऑक्टोबरात अख्ख्या लावतो. त्यांचे पुढच्या वर्षी नेहमीसारखे पाकळ्यांचे गड्डे होतात, आणि बहुतेकदा वाफ्यातले सर्वांत मोठे तेच असतात.